‘बाई, हे पण तुम्हीच बघा’: प्राथमिक शाळेत मुलांच्या मनाचं काम अंगावर पडलं तर

जूनमधली पहिली स्टाफ मीटिंग होती. खिचडी कुणाकडं, स्कॉलरशिप कुणाकडं, सहल कुणाकडं असं वाटप करत करत हेडसर माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "बाई, ते मुलांचं मानसिक आरोग्य का काय आलंय, ते पण तुम्हीच बघा, तुम्हाला जमतंय." झालं. ट्रेनिंग नाही, तास कमी नाही, एक रजिस्टर तेवढं मिळालं आणि त्यावर लाल पेनानं नाव घालून घेतलं.

मी सोलापूरच्या पूर्व भागात, मागाच्या खडखडाटात वसलेल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. पहिल्या वर्षी मी काय केलं सांगू का, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे चार्ट लावले, ‘आनंदी बालक’ म्हणून प्रार्थनेनंतर वीस मिनिटं भाषण ठोकलं, पोरं उन्हात जांभया देत उभी, त्याचे फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले, वाहवा पण मिळाली. नंतर दिवाळीच्या सुट्टीत मोबाईल साफ करताना तो फोटो परत बघितला तर मागच्या रांगेत एक पोरगी होती जी दोन महिने खिचडीच्या ताटाला हात लावत नव्हती, माझ्याच वर्गातली, आणि ते मला खिचडीवाल्या मावशींनी सांगितलं म्हणून कळलं. तेव्हापासून चार्ट बंद.

तर हे सगळं नवीन शिक्षकांसाठी, शिक्षणसेवकांसाठी, शाळा व्यवस्थापन समितीत नाव घातलेल्या पालकांसाठी. मी डॉक्टर नाही आणि समुपदेशक पण नाही, तुम्ही पण नाही, हे आधी डोक्यात पक्कं करून घ्या म्हणजे अर्धं ओझं उतरतं. आपलं काम बघणं, लिहून ठेवणं, जवळ बसणं आणि वेळ आली की योग्य माणसापर्यंत पोचवणं एवढंच आहे. एवढंच म्हणते खरं, पण त्यातच वर्ष जातं.

आधी काय काय गोळा करायचं

खर्चाचं काही नाही. हे घ्या:

- दोनशे पानी वही, एकच, आणि कुलूप लागणारं कपाट. (कपाटाची किल्ली शिपाईमामांकडं लटकवून ठेवायची नाही, मी ठेवली होती.)
- एक जुनी सतरंजी, रंगखडू, पाठकोरे कागद, थोडी शाडूची माती.
- पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा. हसू नका, अर्धं रडणं भुकेचं असतं.
- नंबरांचा एक कागद: टेली मानस (मनाच्या त्रासासाठी सरकारी फोनसेवा) १४४१६, चाइल्डलाइन (अडचणीतल्या मुलांसाठी) १०९८, पोलीस ११२, तुमच्या शहर साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांचा नंबर (गावाकडं असाल तर गट साधन केंद्र), आणि मुलांची आरोग्य तपासणी करायला शाळेत येणाऱ्या सरकारी आरबीएसके टीमच्या डॉक्टरांचा. शेवटचे दोन जूनमध्येच मागून घ्या, डिसेंबरात गरज पडल्यावर शोधत बसलात तर कुणी फोन उचलत नाही.
- शाळेत तेलुगू, कन्नड, उर्दू कुणाला येतं त्याची यादी. याचं का ते खाली सांगते.

१. पोरगं कुठनं उठून येतंय ते बघा

पुस्तकातलं बालमानसशास्त्र नंतर. पहिल्या महिन्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाचं घर निदान बाहेरून तरी बघून या. आपल्याकडं याशिवाय काही कळतच नाही. आई विड्या वळती, मांडीवर सूप, दिवसाला हजार विड्यांचा हिशेब आणि कोपऱ्यात पानं भिजवलेली. बाप मागावर, एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रात्रपाळी. एका खोलीत सहा माणसं आणि भिंतीपलीकडं चार माग रात्रभर चालू. ते पोरगं सकाळी बाकावर डोकं टाकून झोपलं की आपण लिहितो ‘अभ्यासात लक्ष नाही’.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. आपल्या वर्गात किती जणांना मिळत असेल, तुम्हीच अंदाज करा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं शासनानं २०२४ मध्ये काढलं ते याच झोपेपायी.

आणि एक खास सोलापुरी गोष्ट. माझ्या वर्गात काही ठराविक पोरं ठराविक दिवशी चिडचिडी असायची, एकमेकांना बोचकारायची, मला वाटलं संगत वाईट. वहीत तारखा लिहायला लागले तेव्हा ट्यूब पेटली, हा तर त्यांच्या गल्लीचा पाण्याचा वार! काही दिवसांआड पाणी, ते पण येणार अर्ध्या रात्री, मग घरातली सगळी लहानथोर घागरी घेऊन उठणार. आता मी प्रत्येक गल्लीचा पाण्याचा वार वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय आणि त्या दिवशी त्या पोरांना चाचणी लावत नाही, फळ्यावर उभं करत नाही, मधल्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटं डोकं टेकू देते. यात समुपदेशन काय आहे? काहीच नाही, पण भांडणं कमी झाली.

२. वही लिहायची, पण कशी

लोकांना इथंच चूक होते. ‘मुलगा हायपर आहे’, ‘मुलगी डिप्रेस वाटते’, ‘मंद आहे’ असलं काही लिहायचं नाही. जे डोळ्याला दिसलं तेच लिहायचं. "सोमवार, दुसरा तास, पोटात दुखतंय म्हणाला, घरी जायचं म्हणाला. खेळाच्या तासाला पळत होता." बस. मत नको.

काय काय टिपायचं ते सांगते. लहान पोरं "मला टेन्शन आलंय" असं म्हणत नाहीत, त्यांचं मन पोटातनं बोलतं. पोट दुखणं, डोकं दुखणं, उलटीसारखं होणं, सारखं लघवीला जाणं. "कसंतरी होतंय बाई" हा शब्द आला की कान टवकारा, त्यात भीती, लाज, भूक, ताप सगळं असू शकतं. मग अचानक झालेला बदल, म्हणजे बडबड्या गप्प, गप्प असलेला मारकुटा, अक्षर बिघडलं, डबा परत जातोय, दुसरीतलं पोरगं परत अंगठा चोखायला लागलं, चड्डीत व्हायला लागलं. एखादा दिवस प्रत्येकाचाच वाईट जातो, पण दोन आठवडे झाले तरी तेच चालू असेल आणि त्यानं शिकणं, खाणं, खेळणं, मित्र यातलं काही अडत असेल तर ते नाव वहीत वर घ्या.

दुसरा प्रश्न, हे फक्त शाळेतच होतंय का घरी पण? एका ठिकाणीच होत असेल तर आधी ते ठिकाण तपासा, बाक, शेजारी बसणारं पोरगं, आणि हो, बाई म्हणजे आपण स्वतः पण. एका जागी स्वस्थ न बसणाऱ्या मुलाचं डॉक्टर जेव्हा निदान करतात तेव्हा ते सुद्धा बघतात की लक्षणं निदान दोन ठिकाणी आहेत का आणि सहा महिने तरी टिकली आहेत का. आपण मात्र दोन दिवसात ‘हायपर’ म्हणून मोकळे होतो.

सापळा: वही टेबलावर उघडी ठेवणे. एकदा राहिली. चौथीतल्या पोरींनी वाचली आणि दुपारपर्यंत एका पोराचं नाव ‘मुतऱ्या’ पडलं होतं. तो आठवडाभर आला नाही, मी घरी जाऊन माफी मागितली. पोराची. आईबापासमोर. तेव्हापासून वहीत नाव नाही, हजेरीचा नंबर पण नाही, माझी मीच ठरवलेली खूण असते.

३. कान, डोळे आणि रक्त आधी

हे छोटं आहे पण विसरू नका. मनाकडं वळायच्या आधी शरीर बघून घ्या. पोरगं उत्तर देत नाही कारण त्याला ऐकूच येत नाही, फळ्यावरचं लिहीत नाही कारण दिसत नाही, सुस्त आहे कारण अंगात रक्त नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची म्हणजे आरबीएसकेची टीम वर्षातनं एकदा शाळेत येते, हा कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि शून्य ते अठरा वयाच्या मुलांसाठी आहे. जन्मतःचे दोष, आजार, कमतरता, वाढीतला उशीर हे सगळं ते बघतात. ते आले की बहुतेक शाळांत काय होतं, रांग लावायची, वजन-उंची, गोळी, सही, पुढं. तसं करू नका. तुमच्या वहीतली चार-पाच पोरं आधी सांगून ठेवा, "डॉक्टर, यांचे कान नीट बघा, याला विचारा". गर्दीत सुद्धा ते थांबून बघतात, माझा तरी अनुभव तसा आहे.

४. वर्गात रोज करायच्या गोष्टी

यासाठी वेगळा तास मागू नका, मिळणार नाही. आहे त्यातच बसवा.

सकाळची पहिली पाच मिनिटं हजेरी घेताना ‘हजर बाई’च्या जागी पोरांनी आजचं एक सांगायचं. आमच्यात आकाश सांगतात. "ऊन आहे", "ढग आहे", "पाऊस", "वीज". जो दोन दिवस ‘वीज’ म्हणाला त्याच्याशी मधल्या सुट्टीत बोलायचं. पहिले आठ दिवस सगळी पोरं मजा म्हणून ‘वीज’च म्हणतील, धीर धरा.

भीती, राग हे शिकवायला चार्ट नकोत, आपली गड्ड्याची जत्रा आहे ना! जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा झाली की आठवडाभर मी तेच विचारते. मोठ्या पाळण्यात वर गेल्यावर पोटात काय झालं? मौत का कुआ बघताना हात कुठं होते? गर्दीत आईचा हात सुटला तेव्हा? पोरं असं काही बोलतात की बस. पोटात गोळा आला, पाय गार पडले, घसा आवळला. हे शब्द त्यांचे स्वतःचे आहेत, नंतर वर्षभर तेच वापरता येतात. "आज पाळण्यासारखं होतंय का?" म्हणून विचारलं की मान हलवून सांगतात.

घाबरलेल्या पोराला "रडू नको, शहाणा ना तू" असं म्हणून काही होत नाही. त्याला बशीतला चहा फुंकायला लावा, खोटाखोटा. नाकानं श्वास आत, मग तोंडानं हळूहळू फुंकर, चहा सांडायला नको एवढी हळू. असं पाच-सहा वेळा. श्वास सोडणं लांबलं की छातीची धडधड उतरते, हे मोठ्यांना पण लागू आहे, तपासणीला साहेब आले की मी स्वतः करते.

दिवसाचा क्रम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि बदल असेल तर सकाळीच सांगा. ज्या घरात बापाचा मूड कधी कसा असेल सांगता येत नाही त्या पोराला आता भाषा, मग गणित, मग खिचडी हे आधी माहीत असणं फार मोठं असतं. शनिवारी ‘आनंददायी शनिवार’ असतोच, त्यात पुन्हा स्पर्धा घुसवू नका. नंबर काढायचे नाहीत, एवढा एक दिवस तरी.

आणि छडी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेलाच नाही तर मानसिक त्रासालाही बंदी घालतं. म्हणजे कोंबडा करणं तर नाहीच, पण "तुझ्या बापानं काय दिवे लावले" हे पण नाही. स्टाफरूममध्ये हे बोललात की ज्येष्ठ मंडळी म्हणतील, "आम्ही मार खाऊनच मोठे झालो." वाद घालू नका. मी एवढंच करते की त्यांच्या वर्गातलं पोरगं रडत बाहेर उभं दिसलं तर काहीतरी निरोपाचं काम काढून माझ्याकडं बोलावून घेते, पाणी देते. सर चिडतात पण आता तेच पाठवतात.

५. न बोलणारं पोरगं

यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण सोलापुरात हा घोटाळा हमखास होतो.

माझ्याकडं पहिलीत एक पोरगा आला. जून गेला, जुलै गेला, एक शब्द नाही. हाक मारली की मान खाली. शेजारच्या बाई म्हणाल्या याला दाखवून घ्या, काहीतरी कमी आहे. मी पण वहीत (तेव्हा अक्कल नव्हती) ‘बोलत नाही, मतिमंद?’ असं लिहिलं, प्रश्नचिन्ह टाकलं म्हणजे जणू पाप धुतलं. आईला बोलावलं तर ती म्हणाली, "घरी लई बोलतंय ओ बाई, डोकं उठवतंय." मला वाटलं आया असंच म्हणतात.

मग एक दिवस पोरगं पायरीवर बसलं होतं, झाडू मारायला येणाऱ्या मावशी जाता जाता म्हणाल्या, "एमैंदिरा? तिन्नावा?" म्हणजे काय झालं रे, जेवलास का. आणि हा गडी सुरू झाला. पाच मिनिटं थांबेना. कुत्रं, सायकल, आज्जी, पडलेला दात, सगळं सांगून टाकलं. मी खिडकीत उभी राहून ऐकत होते आणि मला एक शब्द कळत नव्हता, आणि तेव्हा लक्षात आलं की त्याला गेले दोन महिने माझ्या वर्गात असंच होत असणार.

तर नियम असा. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारं मूल मराठी वर्गात आलं की काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहू शकतं. ते ऐकत असतं, साठवत असतं. यात आजार काही नाही. दामटून बोलायला लावलं तर उलट घट्ट होतं. काय करायचं:

- "जेवलास का" एवढं वाक्य चारी भाषांत शिकून घ्या. तेलुगूत ‘तिन्नावा’, कन्नडमध्ये ‘ऊटा आयता’, आपल्या मोहल्ल्यातल्या बोलीत ‘खाना खाया क्या’. उच्चार चुकला तर पोरं हसतील, हसू द्या, तिथंच अर्धं काम होतं.
- त्याच भाषेचं एक बोलकं पोरगं शेजारी बसवा.
- उत्तर तोंडी मागू नका, बोट दाखव, उचलून आण, चित्र काढ असं मागा.
- वर्गासमोर "अरे वा, आज बोललास की!" म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. माझ्या एका मैत्रिणीनं वाजवल्या, पोरगं परत महिनाभर गप्प.

मात्र एक वेगळी गोष्ट पण असते. मूल घरी मोकळं बोलतं, आणि शाळेत कुठल्याच भाषेत, अगदी स्वतःच्या भाषेतल्या मुलांशी सुद्धा बोलत नाही, अंग ताठ करून उभं राहतं, लघवीला जायचं पण सांगू शकत नाही. शाळेचा पहिला महिना सोडून त्यानंतर महिनाभर असंच राहिलं तर ती भीती असते, हट्ट नसतो, आणि त्याला तज्ज्ञाला दाखवावं लागतं. फरक ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच्या भाषेतलं माणूस आणून बघणं. आमच्याकडं मावशी होत्या म्हणून कळलं, नाहीतर मी त्या पोराला कुठं कुठं पाठवलं असतं कुणास ठाऊक.

६. पोराशी बोलताना

सतरंजी टाका, शेजारी बसा, समोरासमोर नको. हातात माती किंवा खडू द्या. "काय झालं" विचारण्यापेक्षा "आज तू खेळायला आला नाहीस, मी बघितलं" असं म्हणा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं फार अवघड आहे, आपल्याला चाळीस मिनिटं बोलायची सवय. पण थांबा. दार उघडं ठेवा, बाहेरून कुणाला तरी तुम्ही दोघं दिसत असाल असं बसा, हे मुलाच्या पण भल्याचं आणि तुमच्या पण.

"कुणाला सांगणार नाही, देवाशपथ" असं वचन कधी द्यायचं नाही. उद्या सांगावं लागलं तर ते पोरगं परत कुणावरच विश्वास ठेवणार नाही. त्यापेक्षा "वर्गात कुणाला सांगणार नाही, पण तुला कुणी त्रास देत असेल तर तो थांबवायला मोठ्या माणसाची मदत घेईन" असं खरं ते सांगा.

७. पालकांना बोलवायचं

चिठ्ठी पाठवू नका. चिठ्ठी आली की घरात आधी पोराला मार, मग वाचणं. फोन करा, आणि पहिलं वाक्य चांगलं बोला, खरं चांगलं, शोधून काढा. "अक्का, तुमच्या पोरीचं चित्र लई छान असतंय, जरा भेटायचं होतं."

वेळ त्यांची धरा. विड्या द्यायला जायच्या वेळेला बोलावलं तर ती आई येणार नाही, आली तर तिचा दिवस बुडाला. पाळी सुटायच्या वेळेला वडील भेटतात, दमलेले असतात, उभ्यानं पाच मिनिटं. तेवढ्यात सगळं सांगायला बघू नका. एकच विचारा, "घरी कसं आहे त्याचं?" पहिल्या भेटीत सल्ला द्यायचा नाही हा माझा नियम, दुसऱ्या भेटीला लोक आपणहून सांगतात, दारूचं, कर्जाचं, आजीच्या मरणाचं.

कुणी म्हणेल दृष्ट लागलीय, बाहेरचं आहे, अमक्या देवाला नेऊन आणलं. हसू नका आणि भाषण पण देऊ नका. "देवाचं चालू द्या, सोबत डॉक्टरला पण दाखवू" एवढं म्हणा. चटके, उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं असं काही कानावर आलं तर मात्र गोष्ट वेगळी, तिथं थेट १०९८.

‘वेडा’, ‘मेंटल’, ‘मानसिक रुग्ण’ हे शब्द टाळा. "त्याला झोप लागत नाही, भ्या वाटतंय, त्याचे डॉक्टर असतात" हे लोकांना पटतं.

८. पुढं पाठवायचं झालं तर

पहिली पायरी फोनची. टेली मानस १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू झाली. पालक करू शकतात आणि शिक्षक पण. मी पहिल्यांदा केला तेव्हा पोरासाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त केला होता, ते असो.

दुसरी, शहर साधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक. ते शाळेत येऊन मुलाला बघतात, वाचन-लेखनाचा त्रास असेल तर काय करायचं ते सांगतात. एक लक्षात ठेवा, अक्षरं उलटी काढणाऱ्या पहिलीतल्या पोराला लगेच शिक्का नको. अध्ययन अक्षमतेची, म्हणजे या वाचन-लेखनाच्या त्रासाची, तपासणी साधारण आठ वर्षांनंतर, तिसरीच्या आसपास होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात हा आणि स्वमग्नता (ऑटिझम) दोन्ही येतात, त्यामुळं प्रमाणपत्र मिळालं तर सवलती मिळतात.

तिसरी, सिव्हिल. आपलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं, तिथं मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जा, आधी केसपेपर काढायचा, मग विभाग विचारायचा. पहिल्यांदा पालकांसोबत शक्य असेल तर स्वतः जा, मोठ्या हॉस्पिटलमध्ये नुसता विभाग सापडेना म्हणून माघारी आलेले पालक मी बघितलेत. सोबत घ्यायचं:

- मुलाचं आणि एका पालकाचं आधार, रेशनकार्ड
- जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाईड
- आधीचे डॉक्टरांचे कागद, चष्म्याचा नंबर असेल तर तो
- तुमच्या वहीतल्या नोंदींचं एक पान, तारखांसह, निदान न लिहिता
- पोराच्या दोन-तीन वह्या, आणि खायला काहीतरी, कारण वेळ लागतो

पालकांची संमती लेखी घ्या, दोन ओळी चालतात, त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. संमती नसताना पोराला उचलून दवाखान्यात नेऊ नका, कितीही कळवळा असला तरी.

सापळा: पाठवलं म्हणजे संपलं असं वाटणं. गोळ्या किंवा भेटी चालू झाल्या तरी पोरगं दिवसाचे पाच-सहा तास आपल्याच वर्गात असतं. डॉक्टरांना विचारून घ्या वर्गात काय करायचं.

९. जिथं वाट बघायची नाही

मुलानं लैंगिक त्रासाबद्दल काही सांगितलं, किंवा तसा संशय जरी आला, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, शिक्षकाला पण आणि हेडसरांना पण. न कळवल्यास शिक्षा आहे, संस्थेच्या प्रमुखाला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "शाळेचं नाव जाईल", "आधी संस्थेत बोलू", "पोरगी गोष्टी रचती" हे सगळं ऐकायला मिळेल. ऐका आणि फोन करा.

तुम्ही काय करायचं: पोरानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दात लिहा, तारीख-वेळ घाला. परत परत खोदून विचारू नका, चार बायांसमोर तर अजिबात सांगायला लावू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही" एवढं म्हणा. ज्याच्याबद्दल सांगितलंय त्याला बोलावून खातरजमा करायची नाही. मुलाचं नाव कुठंही जाऊ द्यायचं नाही. पालक घाबरतात की पोलीस स्टेशनला पोरीला बसवतील, त्यांना सांगा की कायद्यातच लिहिलंय जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि पोलीस गणवेशात नसतात.

"मला मरायचंय" असं आठ वर्षांचं पोरगं बोललं तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, पालकांना त्याच दिवशी बोलवा, १४४१६ लावा.

१०. एप्रिल आला की

सकाळची शाळा, बाहेर चाळीसच्या वर पारा, सगळे कंटाळलेले, आणि वही भरलेली. आता हिचं काय करायचं? मी आधी सगळी वही पुढच्या वर्गाच्या बाईंना देऊन टाकायचे, म्हणजे वर्ष सुरू व्हायच्या आधीच त्या पोरावर शिक्का. आता तसं करत नाही. पुढच्या बाईंसोबत चहा घेते आणि तीन-चार पोरांबद्दल तोंडी सांगते, आणि सांगताना काय बिघडलं यापेक्षा काय चाललं ते सांगते. "याला खिडकीजवळ बसवा, दार दिसलं की शांत राहतो." "हिला मोठ्यानं हाक नको." "पाण्याच्या वाराला याला काही विचारू नका." पोक्सो किंवा दवाखान्याचे कागद हेडसरांच्या कपाटात सीलबंद, बाकीची पानं मी फाडून टाकते.

तो तेलुगू पोरगा आता चौथीत आहे. परवा त्यानं माझ्या वर्गाच्या दारात येऊन विचारलं, "बाई, तुमच्यात एक नवीन पोरगी आलीय ना, ती बोलत नाही म्हणे. मी येऊन बसू का मधल्या सुट्टीत?" मी त्याच्या बाईंना विचारून त्याला मंगळवार आणि शुक्रवार दिलाय.